मध्यंतर नसलेला सिनेमा

प्रिय ओवी,

हे पत्र मुद्दाम मराठीत लिहितोय, आणि हाताने. तू मराठी वाचतेस, पण संथ, ओळीखाली बोट सरकवत. रविवारच्या मराठी शाळेत तेवढंच हाती लागलं आणि मग नेटबॉलने तुझे रविवार पळवले. इंग्रजीत लिहिलं असतं तर तू एका दमात वाचून अंगठा पाठवून मोकळी झाली असतीस. त्या शनिवारपासून तुझे इतके अंगठे आलेत की मला त्या पिवळ्या अंगठ्याची धडकीच भरलीये. फोन केला की तू उचलत नाहीस आणि जरा वेळाने मेसेज येतो, 'ऑल गुड, बाबा'. अगं, मी तुला ओळखत नाही का? तू तावातावाने भांडतेस तेव्हा आपलं बरं चाललेलं असतं. 'ऑल गुड' म्हणतेस तेव्हा दार आतून लावलेलं असतं. ते तू उघडावंस म्हणून लिहायला बसलोय, आणि लाजेने हात चालत नाहीये.

मंडळात सिनेमा दाखवायची हौस माझी. तू नकोच म्हणत होतीस. 'बाबा, इट्स नॉट दॅट काइंड ऑफ फिल्म,' असं पुन्हा पुन्हा बजावलंस. पण मला दाखवायचं होतं. सिनेमा नव्हे, तुला दाखवायचं होतं. अनुराधाकाकूची ईशा फार्मसिस्ट झाली, गुरुदत्तकाकाचा गंधार बँकेत लागला. मंडळात कुणी 'तुमची ओवी काय करते हो?' असं विचारलं की मी 'वेलिंग्टनला असते, मीडियात' म्हणून घाईघाईने विषय बदलायचो, जणू तू तुरुंगात होतीस. मग फेस्टिव्हलने तुझा सिनेमा घेतला, एक ऑनलाइन कंपनी तो विकत घ्यायला तयार झाली, आणि माझी छाती एकदम फुगली. कालपर्यंत लपवलेली मुलगी मी आज मिरवायला काढली. तेव्हा हे लक्षातही आलं नाही, आता येतंय.

ग्रुपवरचं आमंत्रण मीच लिहिलं होतं. 'आपल्या ओवीचा सायन्स फिक्शन सिनेमा! मध्यंतरात गरमागरम बटाटेवडे व चहा.' ते वाचून तू लगेच फोन केलास की बाबा, याला मध्यंतर नाहीये, मध्ये थांबवायचं नाही. मी हो हो म्हटलं. मनात म्हटलं, पोरीला काय कळतंय! नाटकाला जाऊन मध्यंतरात वडा न खाता घरी आलेला मराठी माणूस मी तरी पाहिलेला नाही. मध्यंतर काही लेखकाच्या मर्जीवर नसतं, ते वड्यावर असतं. शिवाय लोकांना घरी बोलवावं तसं बोलवायचं आणि दोन तास उपाशी बसवायचं, हे आपल्या रीतीत बसतं का? मला हे सगळं इतकं उघड वाटत होतं की तुला समजावून सांगायचीसुद्धा गरज वाटली नाही.

टाकानिनीचा हॉल भरला. मी नवा झब्बा घालून दारात 'किआ ओरा, या या' करत उभा होतो आणि तू मागच्या भिंतीला टेकून. लॅपटॉप माझ्या ताब्यात, कारण यजमान मी. दिवे मालवले आणि ती बाई दिसली, दूर दक्षिणेच्या किनाऱ्यावरच्या त्या रेडिओ केंद्रात एकटी राहणारी. तिचा बाप एका यानात बसून लांब लांब चाललाय, कधीच परत न येण्यासाठी, आणि ती त्याला रेडिओवरून प्रश्न विचारते. यान जितकं लांब जाईल तितकं उत्तर उशिरा. आधी तासाभराने येतं, मग दुसऱ्या दिवशी, मग ऋतू बदलल्यावर. उत्तर येतं तेही तिच्या कानातल्या हेडफोनमध्ये. आपल्याला फक्त तिचा चेहरा दिसतो. एवढं मला समजलं होतं, ओवी. पण यान कुठे दिसतच नव्हतं गं!

सुरुवात तुझ्या हरीशकाकाने केली. 'प्रमोद, यान उडणार कधी? का फ्लाइट डिलेड आहे?' हशा पिकला. अनुराधाकाकूला त्या बाईची किटली आवडली आणि ती कुठल्या दुकानात मिळते यावर मागच्या दोन रांगांत चर्चा झाली. गुरुदत्तकाका घोरायला लागला. पोरं पायातल्या रबरी जँडल्स फटफटवत मधूनच पळत होती, कुणीतरी माझ्या कानाशी येऊन वायफायचा पासवर्ड मागितला. तू त्यांच्यापैकी कुणाकडेही पाहत नव्हतीस, पडद्याकडे पाहत होतीस. मी मात्र पडद्याकडे पाहिलंच नाही. पंगतीत वाढणारा माणूस पानांकडे पाहतो तसा मी लोकांच्या तोंडाकडे पाहत होतो, आणि मला प्रत्येक पान रिकामं दिसत होतं. त्यात माझा धंदाच असला. ईस्ट टामाकीच्या कारखान्यात मी दिवसभर काय करतो? पॅकिंगच्या लाइनवर कुठे कोण रिकामं उभं आहे ते हुडकतो आणि तो रिकामा वेळ काढून टाकतो. त्या कामात मला हुशार समजतात.

मग तो शॉट आला. बाई शेवटचा प्रश्न विचारते, किटली ठेवते आणि खुर्चीत बसते. किटली उकळते, चहा ओतला जातो, त्याची वाफ विरते, खिडकीतला उजेड भिंतीवरून सरकतो. बाई बसलेलीच. मागून कुणीतरी म्हणालं, 'हँग झालं वाटतं,' आणि अख्खा हॉल खदखदून हसला. तेवढ्यात हॉलच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून, वडे तळायला उभी असलेली मंडळातली दीप्ती झारा हलवून मला खुणावायला लागली, वडे निवतायत म्हणून. आणि त्या क्षणी मला तुझी लाज वाटली. हे वाक्य मी आत्तापर्यंत तीनदा लिहून खोडलं, आता खोडत नाही. चार ओळखीच्या माणसांसमोर मला माझ्या पोटच्या पोरीची लाज वाटली. मी स्पेसबार दाबला आणि दिवे लावले.

लोकांना वाटलं, संपला. त्यांनी सुटल्यासारख्या टाळ्या वाजवल्या, खुर्च्या सरकल्या, अनुराधाकाकू 'छान होता हं, शांत होता' म्हणत उठलीसुद्धा. फक्त हरीश म्हणाला, 'संपला? मग तिच्या बापाचं काय झालं?' इथे मी गप्प बसायला हवं होतं. मध्यंतर आहे, खाऊन परत या, एवढं म्हणायला हवं होतं. पण मला माहीत होतं, वडे खाल्ल्यावर अर्धे लोक परत आत येणार नाहीत, आणि रिकाम्या खुर्च्या मला बघवल्या नसत्या. मी माइक घेतला आणि म्हणालो, 'पुढचं मी थोडक्यात सांगतो, म्हणजे वडे गरम खाता येतील.'

ओवी, मला पुढचं माहीत नव्हतं. तू महिन्यापूर्वी लिंक पाठवली होतीस तेव्हा मी तो बोटाने पुढे पुढे ढकलत पाहिला होता. आणि बाई खुर्चीत बसली तिथे मी थांबलो, बाकीचा रविवारी बघू म्हणून. तो रविवार काही उजाडला नाही. मग माइकवर मी काय सांगितलं? यान बिघडतं, माघारी वळतं, बाप परत येतो, आणि दोघं किनाऱ्यावर एकमेकांना मिठी मारतात. किती टाळ्या पडल्या! तुझ्या अख्ख्या सिनेमाला पडल्या नव्हत्या तेवढ्या. कुणी कुणी डोळे पुसले. आणि मला त्या टाळ्या आवडल्या, हेही लिहून टाकतो.

तू ओरडली असतीस तर बरं झालं असतं. तू पुढे आलीस, लॅपटॉप शांतपणे बंद केलास आणि दीप्तीच्या हातातून चटणीचं भांडं घेऊन लोकांना वाढायला लागलीस. 'शेवट मस्त केलास हं, ओवी,' असं लोक तुला सांगत होते आणि तू प्रत्येकाला 'थँक यू' म्हणत होतीस. नंतर सगळ्यांबरोबर खुर्च्या रचल्यास. मी जवळ येऊन 'काय, जमलं ना?' असं विचारलं. विचारलं मी! त्यावर तू पहिल्यांदा म्हणालीस, 'ऑल गुड.' घरी आल्यावर तुझ्या आईने उरलेले वडे फ्रिजमध्ये ठेवले नाहीत, कचऱ्यात टाकले. आपल्या घरात अन्न टाकलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. तरी मला वाटलं, दमली असेल बिचारी.

खरं सांगतो, तू दुसऱ्या दिवशी वेलिंग्टनला गेलीस तेव्हाही मी स्वतःवर खूशच होतो, की कशीबशी वेळ मारून नेली. डोळे उघडले ते हरीशकाकाने, म्हणजे सगळ्यात जास्त टिंगल करणाऱ्याने. पुढच्या बुधवारी त्याचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि मग म्हणाला, 'प्रमोद, तू सांगितलास तो शेवट खरा नाहीये ना? मला ती बाई डोळ्यांसमोरून हलत नाही रे. मोटरवेवर ट्रॅफिक तुंबला की ती खुर्चीत बसलेली दिसते. आमचे अण्णा साताऱ्यात आजारी होते तेव्हा मी इथे असाच बसून असायचो, फोन मांडीवर घेऊन. खरं काय होतं ते सांग.' मी म्हटलं, सांगतो नंतर. सांगणार काय, कपाळ? माझ्या मुलीच्या सिनेमाचा शेवट मला लोकांनी विचारावा आणि मला तो ठाऊक नसावा!

म्हणून शुक्रवारी मी अर्धी रजा टाकली आणि ट्रेनने शहरात गेलो. फेस्टिव्हलचा दुपारचा खेळ होता. तुझी लिंक घरबसल्या उघडता आली असती, पण माझ्या बोटावर माझा भरवसा नव्हता. थिएटरात मोजकी माणसं: एक गोरं म्हातारं जोडपं, दोन विद्यार्थिनी, एक शॉर्ट्स आणि जँडल्सवाला गृहस्थ, आणखी दोघं-तिघं. मी शेवटच्या रांगेत बसलो, चोरासारखा. यावेळी तो शॉट आला तेव्हा माझ्या हातात काही नव्हतं. आधी मी चुळबुळलो. मग हिशेब करत बसलो की इतक्या वेळात आमच्या लाइनवर किती खोकी भरून निघाली असती. जँडल्सवाला गृहस्थ उठून गेला, तेव्हा सवयीने त्याच्या मागे जाऊन सॉरी म्हणावंसं वाटलं. आणि मग हळूहळू माझं डोकं दमून गप्प झालं. किटली गप्प झाली. त्या खोलीत ती आणि मी, दोघंच उरलो.

तेव्हा मला ती दोन वर्षं आठवली. मी इथे एकटा आलो होतो, तू आणि आई पुण्यात. रविवारी कार्ड खरवडून फोन लावायचा. लाइनवर आवाज उशिरा पोचायचा, मग आपण दोघं एकदम बोलायचो आणि दोघं एकदम थांबायचो. तू तेव्हा सहा वर्षांची होतीस. तू काहीतरी विचारायचीस आणि गप्प व्हायचीस, उत्तराची वाट बघत. आणि मला वाटायचं, लाइन गेली. मी दोनदा हॅलो हॅलो करून फोन ठेवून द्यायचो. हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं, कारण यात सांगण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नव्हतं. तुला मात्र ठाऊक होतं. तू त्या गप्प बसण्याचा सिनेमा केलास आणि मी पुन्हा एकदा फोन ठेवून दिला, या वेळी हॉलभर माणसांसमोर.

त्यानंतरचं लिहिणं कठीण आहे. ती बाई हेडफोन खुंटीला टांगते, केंद्राला कुलूप लावते आणि निघून जाते. रिकाम्या खोलीत यंत्र चालूच असतं. आणि मग इतकी वर्षं रखडलेली उत्तरं यायला लागतात, मोठ्याने. यंत्र आधी जुना प्रश्न वाजवतं, ती लहान असताना तिने विचारलेला, आणि मग बापाचं उत्तर. बाप बोलला आणि मी खुर्चीचे हात घट्ट धरले. तो माझा आवाज होता.

गेल्या वर्षी तू फोनवर काही ओळी पाठवल्या होत्यास. 'बाबा, टेस्टसाठी हवंय, वाचून पाठवा ना. अॅक्टिंग नको, नेहमीसारखं बोला.' मी कारखान्याच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून, जेवणाच्या सुट्टीत, पोळीचा घास तोंडात असताना ते वाचलं होतं. 'नाही, इथून समुद्र दिसत नाही.' 'हो, जेवलो.' 'पडलेला दात जपून ठेव, मला बघायचाय.' तू फक्त उत्तरं पाठवली होतीस, प्रश्न नव्हते. मला वाटलं, ही पोरगी काय वेडगळ वाक्यं वाचायला लावते. प्रश्न मी त्या शुक्रवारी पहिल्यांदा ऐकले. सगळ्यात शेवटी ती चिमुरडी विचारते, 'बाबा, मी तिकडे आले की तुम्ही मला ओळखाल ना?' किती वेळ काहीच ऐकू येत नाही. मग माझा आवाज येतो, घाईत, अगदी सहज: 'हो. लगेच.' आणि खोलीत ऐकायला कुणीच नसतं.

तू मला हे खरंच कधी विचारलं होतंस का गं? मला आठवत नाही. आठवत नाही याचीच सगळ्यात जास्त शरम वाटते. मी तिथे बसून रडलो, रुमाल नव्हता, जॅकेटच्या बाहीने तोंड पुसलं. दिवे लागले तरी कुणी उठत नव्हतं. बाहेर पडताना त्या दोघी मुली सिनेमाच्या संथपणाबद्दल बोलत होत्या, 'हीप्स स्लो. बट दॅट डॅड, आय कान्ट.' मी त्यांच्या मागेच जिना उतरत होतो. त्यांना सांगावंसं वाटलं की तो आवाज माझा आहे, ही माझ्या मुलीची फिल्म आहे. पण कुठल्या तोंडाने सांगणार होतो? घरी येऊन हरीशला फोन केला आणि खरा शेवट सांगितला. तो म्हणाला, 'तू त्या दिवशी आम्हाला का नाही रे बघू दिलंस?'

आता हे पत्र आजच का, ते. नुसती माफी मागायची असती तर मी तुझ्या फोनची वाट बघत बसलो असतो. पण आज सकाळी तुझ्या आईने सांगितलं की त्या कंपनीला महिनाअखेर जी प्रत द्यायची आहे, त्यात तू तो अकरा मिनिटांचा शॉट कापून एका मिनिटावर आणलायस. आणि शेवटही बदलते आहेस. यान परत येतं म्हणे, बाप उतरतो, दोघं किनाऱ्यावर भेटतात. तू आईला म्हणालीस, 'बाबांच्या शेवटाला लोकांनी टाळ्या वाजवल्या, माझ्या नाही.' अगं वेडे, तुझ्या शेवटाला टाळ्या कुठून पडतील, तो मी कुणाला पाहूच दिला नाही! माझा शेवट खोटा आहे. वडे गार होऊ नयेत म्हणून मी तो उभ्या उभ्या रचला, तुझ्यासारखा दोन वर्षं घासून नाही. ओवी, जे कापलंयस ते परत जोड. लोक हसतील, घोरतील, उठून जातील. जाऊ देत, त्यांची काळजी तुझा बाप आयुष्यभर करत आलाय आणि त्यातून काय निष्पन्न झालं ते तू पाहिलंस. माझ्यावर राग धर, हवं तर वर्षभर बोलू नकोस, फोन उचलू नकोस, मला ते कबूल आहे. पण माझी शिक्षा त्या बाईला देऊ नकोस. तिला बसू दे गं तिथे.

तुझाच,
बाबा